जामिनाला किती लागले?

अटकेची बातमी फुटल्यावर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. साताऱ्याहून काकांनी विचारला, टेक्सासमधल्या मावसभावानं विचारला, ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आवाज खाली आणून विचारला. उत्तर एकच होतं. काही नाही, एक डॉलरसुद्धा नाही.

काकांचा विश्वास बसेना. साताऱ्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. "मग जामीनदार कोण राहिलं?" कुणीच नाही. "सात-बारा, पगारपत्रक, काहीच नाही मागितलं?" नाही. "अरे, मग सोडलंच कसं?"

कसं सोडलं आणि सुटल्यावर काय काय करावं लागलं, ते लिहून ठेवतोय. इकडच्या आपल्या लोकांना या व्यवस्थेची काहीच कल्पना नसते, मलाही नव्हती. मी न्यू जर्सीत राहतो. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव लिहीत नाही. घटनेबद्दलही एवढंच सांगतो, की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पार्किंगवरून समोरच्या घरातल्या माणसाशी झटापट झाली, त्याचं मनगट मोडलं आणि माझ्यावर थर्ड डिग्री अ‍ॅग्रव्हेटेड असॉल्टचा, म्हणजे तिसऱ्या दर्जाच्या गंभीर मारहाणीचा, आरोप लागला. यापलीकडे लिहायला वकिलांची मनाई होती, आणि आता केस संपली तरी ती मोडावीशी वाटत नाही.

न्यू जर्सीत पोलिसांपुढे दोन वाटा असतात. एक समन्सची: कागद हातात देतात, तारखेला कोर्टात या म्हणतात आणि घरी सोडतात. दुसरी वॉरंटची: त्यात काउंटी जेलमध्ये जावंच लागतं. कुठली वाट हे बऱ्याच अंशी पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे घेतात तिथेच ठरतं. ठसे मशीनवर घेतले की माझी अमेरिकेतली सगळी जुनी कुंडली, म्हणजे केसेस, शिक्षा, चुकवलेल्या तारखा, समोर येते आणि त्यावरून प्राथमिक गुण निघतात. माझी कुंडली कोरी होती. तरी मनगट मोडलेलं, तक्रारदार चाळीस फुटांवर राहणारा, म्हणून वॉरंट निघालं. मध्यरात्रीनंतर मला बेड्या घालून काउंटी जेलमध्ये नेलं.

तिथल्या रात्रीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थंडी होती, झोप नव्हती, आणि बोलोनी सँडविच होतं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर शेजारच्यानं त्याचं सफरचंद मला दिलं आणि माझं सँडविच घेतलं. सौदा चांगला होता.

कायदा असा आहे, की जेलमध्ये आणल्यापासून ४८ तासांच्या आत जजसमोर उभं करून सुटकेचा निर्णय झालाच पाहिजे. त्याआधी प्रीट्रायल (खटल्याआधीच्या) सर्व्हिसेस नावाचा कोर्टाचा विभाग तुमचा अहवाल तयार करतो. मला वाटलं होतं कुणीतरी येऊन मुलाखत घेईल: नोकरी कुठे, घर कुठे, बायकामुलं किती. मी मनात उत्तरं जुळवून बसलो होतो. पण यातलं काही गुणांत धरतच नाहीत. पब्लिक सेफ्टी असेसमेंट नावाचं जे कोष्टक वापरतात त्यात नऊच गोष्टी बघतात: वय, आत्ताचा गुन्हा हिंसेचा आहे का, अटकेच्या वेळी दुसरी केस चालू होती का, पूर्वी किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलात का, गंभीर गुन्ह्यात ठरलात का, हिंसेच्या गुन्ह्यात ठरलात का, गेल्या दोन वर्षांत तारीख चुकवलीत का, त्याआधी चुकवली होती का, आणि कधी कैद भोगलीत का. जात, वर्ण, पगार, पत्ता काही नाही. त्यातून दोन आकडे निघतात, प्रत्येक १ ते ६ मधला. एक तारखेला न येण्याच्या शक्यतेचा, दुसरा बाहेर राहून नवा गुन्हा करण्याच्या शक्यतेचा. शिवाय हिंसेच्या धोक्याची एक वेगळी खूण असते. माझे दोन्ही आकडे १ होते आणि खूण नव्हती. दहावीत गणिताला नव्वदच्या वर मार्क पडल्याचा जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा हा १ ऐकून झाला.

ही व्यवस्था जुनी नाही. १ जानेवारी २०१७ पासून सुरू झाली. त्याआधी इथेही पैशाचाच जामीन होता. जज आकडा सांगायचा. तो खिशात असेल तर भरायचा, नसेल तर जामिनाची हमी घेणाऱ्या दलालाकडे जाऊन साधारण दहा टक्के द्यायचे आणि ते कायमचे विसरायचे. टेक्सासमधला मावसभाऊ अजून त्याच जगात राहतो. त्याच्याकडे कोर्टाच्या आसपास बेल बॉण्डच्या पाट्या चोवीस तास उजळलेल्या असतात. असा धंदा कायद्यानं चालू देणारे देश जगात अमेरिका आणि फिलिपिन्स असे दोनच, असं म्हणतात. २०१३ मध्ये न्यू जर्सीतल्या जेलांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की आतल्या दर आठांतला एक माणूस केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता येत नाही म्हणून आत बसलाय. त्यानंतर गव्हर्नर क्रिस क्रिस्टी आणि राज्याचे सरन्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांनी हा विषय लावून धरला, नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि पैशाचा जामीन जवळजवळ बाद झाला. २०१५ च्या अखेरपासून २०१८ च्या अखेरपर्यंत खटल्याआधी आत बसलेल्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. दुसरी बाजूही आहे. सरकारी वकिलाला वाटलं की हा माणूस धोकादायक आहे, तर तो स्थानबद्धतेचा अर्ज करू शकतो आणि मग कितीही पैसे ओतले तरी सुटका नाही. त्या अर्जावर सुनावणी होईपर्यंत आणखी तीन कामकाजाचे दिवस आत राहावं लागतं, मधला शनिवार-रविवार वेगळा.

माझ्या बाबतीत तो अर्ज आला नाही. पब्लिक डिफेंडरनं, म्हणजे सरकारी खर्चानं मिळणाऱ्या बचावाच्या वकिलानं, फोनवर पाच मिनिटांत सगळं समजावलं, आणि जेलमधल्याच एका खोलीतून, पडद्यावर दिसणाऱ्या जजसमोर माझी पेशी झाली. आकडे १ आणि १, म्हणून नुसतं सोडून देतील असं मी धरून चाललो होतो. पण कोष्टक फक्त शिफारस करतं, बांधून घालत नाही. जजबाईंनी शांतपणे विचारलं, "तक्रारदार याच्या दारासमोर राहतो. हा आज रात्री कुठे झोपणार?"

पब्लिक डिफेंडरनं आमच्या हिला फोन लावला, हिनं माझ्या मित्राला. मित्र म्हणाला, "पाठवून दे, बेसमेंट रिकामंच आहे." प्रीट्रायलच्या माणसानं त्याला उलट फोन करून पत्ता, फोन, घरात कोण कोण राहतं हे विचारून घेतलं. मग हुकूम झाला: मॉनिटरिंग लेव्हल तीन, पायात जीपीएसचा पट्टा, मित्राच्या घरी मुक्काम, तक्रारदाराशी कुठल्याही मार्गानं संपर्क नाही, आमच्या कॉम्प्लेक्सच्या हद्दीत पाऊल नाही, परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही.

मित्राकडे बेसमेंट नसतं तर? माझ्याबरोबर पेशीला थांबलेल्या एका पोरावर आरोप माझ्यापेक्षा हलका होता, पण त्याला दाखवायला पत्ताच नव्हता. तो कधी मावशीचं नाव घेत होता, कधी कुठल्या शेल्टरचं. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही. पण तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. जामिनाचे पैसे गेले, ऐपत मात्र लागतेच. ती आता वेगळ्या नाण्यात मोजतात: रिकामं बेसमेंट, चार्ज असलेला फोन, गाडी, आणि दर आठवड्याला दोन तास सुट्टी दिली तरी नोकरीवरून न काढणारा साहेब. माझ्याकडे हे सगळं होतं.

सुटण्याआधी पट्टा बांधला. काळा रबरी पट्टा आणि त्यावर काडेपेटीपेक्षा मोठी, जाडजूड डबी. पट्ट्यातून तंतू गेलेला असतो, कापला की लगेच कळतं. बांधणाऱ्यानं पट्टा आणि पाय यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं, नवीन बांगड्या भरताना कासार बघतो तसं. अंघोळ चालते, पोहणं नाही. रोज दोन तास चार्ज करायचा, आणि तो झोपेत करायचा नाही, कारण वायर निघाली तर कळत नाही. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून वायर जाईल तेवढ्या अंतरावर खुर्ची टाकून आपण स्वतःच दोन तास चार्जिंगला लागायचं. मी सकाळच्या मीटिंगा त्या वेळेत घेऊ लागलो. कॅमेऱ्यात छातीच्या वरचंच दिसतं, ही मोठी सोय.

पहिल्या आठवड्यातच घोट्यावर कातडी सोलवटली. वहिनींनी मित्राचे जुने पायमोजे कापून दिले, ते पट्ट्याखाली सरकवले की बरं वाटायचं. जीन्स बाद झाल्या. पँटचा पायाकडचा घेर मोठा हवा, आणि बसताना पाय मुडपायचा नाही, नाहीतर डबी हाडात रुतते. मांडी घालून जेवायची सवय तेवढ्या काळापुरती सुटली.

खरी गंमत झाली ती बेसमेंटमुळे. जीपीएसला आकाश लागतं, आणि मी जमिनीखाली झोपत होतो. रात्री दोन वाजता डबी थरथरायला लागली आणि पाठोपाठ फोन. पलीकडे देखरेख करणाऱ्या कंपनीचा माणूस. "तुमचा सिग्नल दिसत नाही. घराबाहेर जाऊन मोकळ्या जागी उभे राहा." मी म्हटलं, मला रात्री घराबाहेर पडायची परवानगी नाही. तो म्हणाला, "सिग्नल नसणं हेही उल्लंघन धरलं जाऊ शकतं." शेवटी ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहिलो, पायजमा आणि मित्राचं जाकीट घालून, पाय जरासा पुढे करून, जणू आकाशाला दाखवतोय. असं दोनचार वेळा झाल्यावर वहिनींनीच फर्मान काढलं: "भावजी, उद्यापासून तुमचं अंथरूण हॉलमध्ये." त्यांच्या मुलांचा टीव्ही बेसमेंटमध्ये गेला. या सरकारी देखरेखीचा हप्ता त्या घरानंही भरला, आणि त्यांच्यावर तर कसलाच आरोप नव्हता.

माझी प्रीट्रायल ऑफिसर मात्र समंजस निघाली. इथे एक फरक काकांना समजावताना मला बराच वेळ लागला. आपल्याकडे जामिनाची अट म्हणून 'दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी' लावतात. हजेरी घेणारा तपासी अंमलदारच असतो, म्हणजे ज्यानं पकडलं त्याच्याच टेबलासमोर जाऊन सही करायची. इथे हजेरी कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे. ती पोलिसांची नाही, सरकारी वकिलाची नाही, आणि तुमचीही नाही. लेव्हल एकला महिन्यातून एकदा फोन पुरतो. लेव्हल दोनला महिन्यात एकदा फोन, एकदा प्रत्यक्ष. लेव्हल तीनला दर आठवड्याला, एकदा फोन तर पुढच्या वेळी समक्ष. माझ्या वकिलांनी (पब्लिक डिफेंडर पहिल्या पेशीपुरता, पुढे मी स्वतःचा वकील केला) पहिल्याच भेटीत बजावलं: तिच्याशी नम्रपणे वागा, वेळेआधी पोहोचा, पत्ता-नोकरी-फोन यांतलं काही बदललं तर त्याच दिवशी कळवा, आणि घटनेबद्दल अवाक्षर काढू नका. ती विचारतही नसे. "नवीन अटक? पत्ता तोच? पुढची तारीख माहीत आहे?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आधी माझा फोन द्यायचा, कारण कोर्टाकडून तारखेची आठवण करून देणारे मेसेज येत असत. तारखा चुकण्याचं कारण बहुतेक वेळा पळून जाणं नसतं, विसरणं असतं, हे इथल्या व्यवस्थेनं ओळखलंय. या एका मेसेजसाठी मी या व्यवस्थेला मनापासून मार्क देतो.

ऑफिसरनं सोडवलेली एक अडचण सांगण्यासारखी आहे. मनाई असलेला भाग नकाशावर वर्तुळ काढून ठरवतात. माझं वर्तुळ काढणाऱ्यानं हात जरा सैल सोडला होता, त्यामुळे कॉम्प्लेक्सबरोबर बाजूच्या हमरस्त्याचा तुकडाही आत आला. कोर्टाकडे जाणारा सरळ रस्ता तोच. म्हणजे हजेरीला वेळेवर पोहोचायचं तर हद्द मोडायची, आणि हद्द पाळायची तर गावाला वळसा घालून जायचं. मी गुगल मॅपचं चित्र छापून नेलं. तिनं ते पाहिलं, फोन केला, आणि आठवडाभरात वर्तुळ आकसलं. दरम्यानच्या एका अलर्टचा कागद मात्र फाइलमध्ये गेलाच. इथे उल्लंघन झालं की लगेच कुणी पकडायला येत नाही. ऑफिसर कोर्टाला अहवाल देते, सरकारी वकिलाला वाटलं तर तो सुटका रद्द करण्याचा अर्ज करतो, मग सुनावणी. पण कागद साठत जातात आणि तेच पुढे बोलतात. म्हणून मी प्रत्येक फोनची वेळ, बोलणाऱ्याचं नाव, काय सांगितलं हे वहीत लिहू लागलो. ती वही पुढे वकिलांच्या फार कामी आली.

आई त्या सुमारास सहा महिन्यांसाठी आली होती. तिला काय सांगायचं हा घरातला मोठा प्रश्न. हिनं तिला सांगितलं, की ऑफिसच्या कामासाठी मित्राकडे राहतोय. आईनं तीन दिवस ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "मला तिथे घेऊन चल." आल्यावर तिनं आधी पायाकडे पाहिलं. "हे काय बांधलंय?" मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला आणि वहिनींच्या हातात दिला. जाताना हिला म्हणाली, "मला सगळं खरं सांगत जा, मी फौजदारी वकिलाची भावजय आहे." त्या वर्षी घरचा गणपती तिनं आणि हिनं बसवला. मी आरतीला व्हिडिओ कॉलवर, आणि नेमकी तेव्हाच डबी चार्जिंगला लावायची वेळ.

लेक दर शनिवारी भेटायला यायची. तिला पट्ट्याचं काही वाटलं नाही. हिरवा दिवा लागला की ठीक, लाल लागला की बाबांना सॉकेटकडे ढकलायचं, हे ती लगेच शिकली.

पट्टा काढण्यासाठी वकिलांनी अर्ज केला. मुद्दे साधे होते: सगळ्या हजेऱ्या वेळेवर, एकही नवी तक्रार नाही, जे अलर्ट आले ते बेसमेंटचे आणि वर्तुळाचे, त्यांच्या नोंदी या अशा. शिवाय कायदाच सांगतो की उद्देश साधेल एवढीच, कमीत कमी जाचाची अट घालावी. सरकारी वकिलानं फारसा विरोध केला नाही. जजनी पट्टा काढला, लेव्हल तीनवरून एकवर आणलं, हद्दीची मनाई मात्र ठेवली. म्हणून आम्ही भाडेकरार मध्येच तोडून दुसरीकडे घर घेतलं. करार तोडण्याचा दंड जामिनाच्या कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. पट्ट्याचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत, पण अमेरिकेत कितीतरी काउंट्यांमध्ये या पट्ट्याचं भाडं आरोपीच रोजच्या हिशेबानं भरतो. त्यापुढे दलालाचे दहा टक्के परवडले म्हणायची पाळी येते.

याच काळात एका रविवारी काकांचा उत्साहानं फोन आला. भारताच्या सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये दिलेला एक निकाल त्यांनी वाचून दाखवला. अमली पदार्थांच्या एका केसमध्ये परदेशी आरोपीला जामीन देताना, गुगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं, अशी अट घातली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत डोळा ठेवता येईल अशी अट खासगीपणाच्या हक्कात बसत नाही, असा त्याचा आशय. "आपलं कोर्ट बघ," काका म्हणाले, "तुझ्या पायातलं कधीच सोडवलं असतं." मी म्हटलं, काका, तुमच्या जेलांतल्या चार माणसांतली तीन कच्चे कैदी आहेत, कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून ती आतच आहेत. त्यांना विचारा, पट्टा चालेल का. काका म्हणाले, "चालेल म्हणतील रे, म्हणून तर विचारायचं नाही." या वाक्यावर मी अजून विचार करतोय. जेल की पट्टा असं विचारलं तर कुणीही पट्टाच निवडेल; माझ्यासारखा, ज्याचे दोन्ही आकडे १ होते आणि दुसरं घर पाहिल्यावर ज्याला पट्टा लागलाच नसता, त्याच्याही पायात तो असाच येतो.

केस ग्रँड ज्युरीपर्यंत, म्हणजे खटला चालवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापर्यंत, गेली नाही. सरकारी वकिलाच्या कार्यालयानं आरोप खाली आणून ती किरकोळ गुन्हे बघणाऱ्या म्युनिसिपल कोर्टाकडे पाठवली, आणि तिथे काही महिन्यांनी काढून टाकली गेली. ओळखीतले बरेच जण म्हणाले, "म्हणजे तुझं पीटीआय झालं." नाही. पीटीआय म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, ते निराळं. त्यात ठरावीक काळ अटी पाळल्या की केस बंद होते. प्रीट्रायल मॉनिटरिंगमध्ये असं काही पदरात पडत नाही. वर्षभर नियम पाळलेत तरी केस आहे तिथेच राहते.

एच-वन-बीवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर इथे असलेल्यांसाठी, एक गोष्ट. नुसत्या अटकेनंतरही, निकाल लागायच्या आत, पासपोर्टावरचा व्हिसा रद्द केल्याची मेल दूतावासाकडून येऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकांत तर हे २०१५ पासून सर्रास होतं. इथलं राहणं, नोकरी लगेच बेकायदा होत नाही, पण देशाबाहेर पडलात तर परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो. मला ती मेल आली. त्यामुळे फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकीलही पहिल्या आठवड्यातच गाठायचा, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं.

केस काढून टाकली गेल्यावर न्यू जर्सीत अटकेची नोंद पुसून घेता येते, ती मी पुसून घेतली. नोकरीच्या चौकशीत आता काही दिसत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर मात्र प्रश्न असा आहे, की तुम्हाला कधीही अटक झाली आहे का, पुढे माफी मिळाली असली तरी सांगा. तिथे 'हो' लिहायचं आणि कोर्टाच्या शिक्क्यानिशी निकालाची प्रत जोडायची. नोंद पुसली गेल्यावर ती प्रत मिळवणं अवघड होतं, म्हणून वकिलांनी पुसण्याचा अर्ज करण्याआधीच मला चार प्रती काढून ठेवायला लावल्या. दोन इथे आहेत, एक वकिलांकडे, एक साताऱ्याला काकांच्या कपाटात. पुढच्या महिन्यात मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये तारीख आहे.